निमकी

रात्री पावणेतीनला यामिनी फिरकेचा फोन:
सर, माझं काम अजून रांगेतच आहे,
मी तर अर्धाच मागितलाय.

जळगावचा मे. भिंती दिवसभर प्यालेलं ऊन
परत देताहेत, मोजमाप न करता.
यंत्रांच्या खोलीत मात्र अठरा अंश,
चार कपाटं, चौसष्ट गाभे,
आणि या गावात मे महिन्यात स्वेटर घालणारा
मी एकटा.

पडद्यावर पाहिलं. चौसष्ट गाभे, चौसष्ट कामं,
शिल्लक शून्य.
मग आत डोकावलो, तर निम्मे गाभे झोपलेले.
अर्धा मागून जो तो आख्ख्यावर बसला होता.
त्यांचा काय दोष? नियम माझा,
ऐन परीक्षांच्या घाईत लिहिलेला:
अपूर्णांक दिसला की वर ढकल.

त्याआधी मी खाली ढकलायचो.
तेव्हा अर्ध्याचं शून्य व्हायचं,
आणि शून्य मागणाऱ्याला नाही कोण म्हणणार?
चोपड्याच्या काळीपिवळीत माणसं कोंबावी तशी
एका रात्री चारशे कामं एकाच यंत्रात शिरली.
पहाटे ते बिचारं गेलं,
कुरकुरलंसुद्धा नाही.

यामिनीचं काम लहान. सावद्याकडच्या बागा,
केळीच्या पानांचे फोटो,
करपा कुठल्या ठिपक्यापासून सुरू होतो ते हुडकायचं.
फोटो उघडेपर्यंत ते काम नुसतं बसून असतं.
खरं तर पावही पुरेल सर, ती म्हणाली,
आवाज खाली आणून,
जणू कमी मागणं हाच गुन्हा.

पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी.
एवढे पाढे होते आपल्याकडे अर्धवट गोष्टींचे.
आमच्या वर्गाने ते गाळले.
परीक्षेला नव्हते.

आधी दशांश करून पाहिले.
एक दशांश दहा वेळा मिळवला,
यंत्र म्हणालं, एक नाही, एकाला जरा कमी.
सोळाव्या घरात कुठेतरी कण सांडला होता.
तेवढ्यावरून ते माझ्याशी भांडत राहिलं,
आणि मी त्याच्याशी.

नथ्थूभाऊ विसपुते चहा घेऊन आले.
आता रात्रपाळीचे रखवालदार,
त्याआधी तीस वर्षं सराफ बाजारात, फुंकणीपाशी.
माझी बडबड त्यांनी उभ्यानेच ऐकली.
"तोळा कसाले तोडस भाऊ? गुंजा मोज."
तोळ्याला शहाण्णव गुंजा.
गिऱ्हाइकाला सांगायचं पाव तोळा,
काट्यावर मात्र चोवीस. नुसते चोवीस.
त्यात तुटकं काही नाही.

गाभ्याचे हजार भाग केले.
अर्धा म्हणजे पाचशे. पाव म्हणजे अडीचशे.
सगळे आकडे सबंध, आपापल्या पायांवर उभे.

तसा अर्धा गाभा कुणी पाहिलाय?
गाभा आख्खाच असतो, कापतो आपण वेळ.
पाटाचं पाणी कुणी कापत नाही, बारी कापतात:
आत्ता तुझ्या वाफ्याला, मग त्याच्या,
दारं धरणारा जागा असला म्हणजे झालं.

चार वाजून दहा मिनिटांनी रांग हलली.
पंख्यांचा आवाज चढला,
पिठाची गिरणी भरात येते तसा.
यामिनीला फोन लावला, तिने उचलला नाही.
झोपली असणार. तिची पानं उलटली जात होती,
एकेक, पावाच्या चालीने.

उजाडता उजाडता हिशेब जुळवला.
बाकी सगळं भरलेलं,
एकतिसाव्या गाभ्यावर चाळीस भाग उरलेले.
चाळिसात कुणाचंच काम बसत नाही.
नथ्थूभाऊ म्हणाले, बाजारात झारेकरी येतात,
दुकानापुढची माती झाडून नेतात, धुतात,
त्या धुळीवर त्यांची घरं चालतात.

इथे कोण येणार झाडायला?
वहीत पेन्सिलीने चाळीस लिहिले
आणि स्वेटर काढून
बाहेरच्या उकाड्यात गेलो.